हवामान खात्याचा टॉवेल

आमच्या वॉर्डात हवामान खातं सकाळी साडेसातला यायचं. हातात पत्र्याची पेटी, खांद्याला टॉवेलांची पिशवी आणि दारातूनच हाक, "चला, कोण कोण उगवलंय?" म्हणजे कोणाकोणाची दाढी वाढलीय. हा माणूस आमच्या हॉस्पिटलचा न्हावी. हवामान खातं हे नाव मीच ठेवलं, हे आधीच कबूल करून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई सोयीचं तेवढंच सांगते.

मी या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर. बावीस वर्षं झाली. माझा आवाज दोन मजले खाली औषधांच्या दुकानात ऐकू जातो म्हणतात, म्हणोत बापडे. चोवीस पलंग, त्यातले निम्मे लकव्याचे आणि निम्मे डोक्याला मार लागून आलेले. कामाला माणसं पाच, त्यातलं एक कायम रजेवर. अशा ठिकाणी मंजुळ बोलून कामं होत असतील तर त्या सिस्टरचे पाय धरायला मी यायला तयार आहे.

तर नाव पडलं ते असं. लकवा झालेल्या एका आजोबांची दाढी करता करता तो मला म्हणाला, "सिस्टर, यांच्या छातीत ढग जमताहेत बरं का. उद्यापर्यंत पाऊस." मी म्हटलं, "तुम्ही दाढी करा हो, हवामान खातं होऊ नका." दुसऱ्या दिवशी आजोबांना ताप, छातीत घरघर. न्यूमोनिया. मी त्याला जिन्यात गाठून विचारलं, तुम्हाला कळलं कसं? तर म्हणे साबण लावताना तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ गळत होती, आणि चहाचा घोट घेतल्यावर आवाज ओला येत होता. "चहा पोटात चालला नव्हता, सिस्टर. छातीत चालला होता." लकव्यात गिळणं बिघडतं आणि घोट चुकीच्या नळीत जातो, हे मी पुस्तकात शिकले होते. या माणसाच्या ते कानात होतं. त्या दिवसापासून लकव्याच्या नव्या पेशंटला आधी चमच्यानं पाणी देऊन बघायचं आणि मगच चहा, असा नियम मी केला.

मग आला तो पाट्या रंगवणारा पेंटर. शिडीवरून पडून डोक्याला सात टाके, बाकी ठणठणीत. इतका बडबड्या की शेजारच्या पलंगावरच्यानं कानात कापूस मागितला. पहिल्या दिवशी दाढी करताना त्यानं हवामान खात्याला स्वतःच्या तीन मेव्हण्यांची भांडणं सांगितली. तिसऱ्या दिवशी दाढी अर्धी झाली आणि हा उस्तरा हातात तसाच धरून माझ्या टेबलाशी आला. "सिस्टर, पेंटर झोपला."

"झोपू दे की! वॉर्डाला जरा शांतता."

"सिस्टर," तो हळूच म्हणाला, "चाळीस वर्षं झाली हे काम करतोय. उस्तरा गळ्यावर असताना झोपलेला माणूस मी बघितला नाही."

मी खुर्चीतून उठले ती धावतच गेले. पेंटर हाका मारल्यावर डोळे उघडत होता आणि पुन्हा मिटत होता. डॉक्टरांनी तातडीनं फोटो काढला, डोक्यात रक्त साकळलेलं, तासाभरात ऑपरेशन. दहा दिवसांनी तो मेव्हण्यांची राहिलेली भांडणं सांगायला हजर. अर्धी दाढी त्याची मी स्वतः पुरी करवून घेतली. तेव्हापासून या न्हाव्याच्या शब्दापुढे वॉर्डात कोणाचं काही चालेनासं झालं, आणि त्यात सर्वांत पुढे मी.

कोणाला काय होईल हे तो सांगायचा, पण कोण उठून चालेल हे मात्र कधी तोंडानं बोलायचा नाही. ते त्याचा टॉवेल बोलायचा.

त्याचं असं होतं. उस्तरा गालावर आला की माणूस आपोआप गाल फुगवतो, ओठ आत ओढतो, मान वर करतो. हे कोणी शिकवत नाही. बोलता येत नाही, स्वतःचं नाव आठवत नाही, असा पेशंटसुद्धा उस्तरा आला की गाल फुगवतो. "ज्याचं अंग मला मदत करतं, ते पुढे त्याला पण मदत करतं," हा त्याचा सिद्धांत. शितावरून भाताची परीक्षा म्हणा हवं तर. अशा पेशंटच्या गळ्याभोवतीचा टॉवेल तो दाढी झाल्यावर पलंगाच्या पायथ्याच्या दांडीवर वाळत घालायचा. एक दिवसाआड दाढी, तेव्हा ज्याचा त्याचा टॉवेल तिथेच राहायचा. आणि ज्यानं मदत केली नाही, त्याचा टॉवेल घडी घालून पिशवीत.

का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. आधी हसण्यावारी नेलं. मग म्हणाला, "एका म्हाताऱ्याचा मुलगा, बाप गेल्यावर टॉवेल परत द्यायला माझ्याकडे आला. धुऊन, इस्त्री करून आणला होता हो. म्हणाला, काका, तुमचं राहिलं होतं. तो टॉवेल मला पुन्हा कोणाच्या गळ्याला लावता आला नाही. तेव्हापासून ज्यांचं कळत नाही, त्यांच्याजवळ ठेवतच नाही." एवढंच. त्यानं स्वतःसाठी केलेली सोय होती ती. पण आमच्या मोठ्या मावशींनी, म्हणजे पेशंटना भरवणाऱ्या, पुसणाऱ्या, कूस बदलणाऱ्या बाईंनी, ती हेरली. टॉवेल असला की माणूस चालतो, हे मावशींनी व्यायाम देणाऱ्या पोराला सांगितलं, त्यानं मला सांगितलं, आणि मी काय केलं? मी त्याप्रमाणे कामाची पद्धतच लावली. टॉवेलवाले खिडकीकडच्या रांगेत. त्यांना सकाळ-संध्याकाळ उठवून बसवायचं. व्यायामवाल्यानं त्यांना वीस मिनिटं द्यायची, बाकीच्यांना उरेल तेवढी. रविवारी माणसं कमी, तेव्हा अंग पुसणं फक्त टॉवेलवाल्यांचं. हात आठ, पलंग चोवीस. कुठेतरी निवड करावी लागतेच की. मला त्या पद्धतीचा अभिमान होता, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षी एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या. वय माझ्या भाचीएवढं, चष्मा नाकापेक्षा मोठा. त्यांनी प्रत्येक पेशंटसाठी एक तक्ता आणला. वय, साखर, रक्तदाब, हात किती उचलतो, सांगितलेलं कळतं का, या सगळ्याला गुण. गुणांची बेरीज केली की तीन महिन्यांनी हा पेशंट आपला आपण चालायची शक्यता शंभरात किती, ते निघायचं. मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्याकडे हे काम एक टॉवेल करतो." त्या हसल्या नाहीत. महिनाभर त्यांनी टॉवेल आणि तक्ता दोन्ही लिहून काढलं आणि मग माझ्यासमोर येऊन बसल्या.

"सिस्टर, टॉवेलवाले खरंच जास्त चालतात."

"मी काय सांगत होते?"

"पण टॉवेलवाल्यांना आपण रोज दोनदा बसवतो, चौपट व्यायाम देतो, खिडकीपाशी ठेवतो. मग ते टॉवेल बरोबर होता म्हणून चालतात, की टॉवेल होता म्हणून?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "डॉक्टर, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी इथे माणसं चालवतेय," असं म्हणून मी औषधांची ट्रॉली इतक्या जोरात ढकलली की दोन बाटल्या पडल्या. 

त्यानंतर तीन आठवड्यांनी माझ्या सासऱ्यांना झटका आला.

सासरे म्हणजे शिलाई मशीन दुरुस्त करणारे. वय शहात्तर. घराखालीच दीड खणाचं दुकान. रोज तिथे बसून लोकांच्या मशीनवर आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर राग काढायचे. आमचं दोघांचं लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून वाजतंय. पंखा किती जोरात हवा, पेपर आधी कोणी उघडायचा, चहात साखर कोणी ढापली, विषयाला तोटा नाही. आमचे हे बिचारे गरीब गाय. दोघांच्या मध्ये येऊन आजवर नुसतं "अगं" आणि "अहो बाबा" एवढंच म्हणालेत.

त्या सकाळी पेपरची घडी मी मोडली म्हणून ते मला झापत होते. झापता झापता शब्द घसरायला लागले. मला आधी वाटलं, कवळी बसली नसेल. मग बघितलं तर तोंड उजवीकडे ओढलेलं आणि डाव्या हातातला कप मांडीवर. मी भांडण अर्ध्यावर सोडलं आणि पळापळ केली. चाळीस मिनिटांत आमच्याच हॉस्पिटलात, गाठ विरघळवायचं इंजेक्शन वेळेत, सगळं वेळेत. तरीही डावी बाजू लुळी पडली ती पडलीच. मला घरचा पेशंट म्हणून रजा घ्या असं वरून सांगण्यात आलं. मी म्हटलं, घेते, आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला ड्युटीवर हजर झाले.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता भरला. मी आकडा मागितला. त्या म्हणाल्या, "शंभरात बावीस. पण सिस्टर, हा आकडा बाबांचा नाही. बाबांसारख्या शंभर माणसांचा आहे. बाबा त्यातले कोणते, हे तक्त्याला माहीत नाही."

ऐकलंच नाही मी पुढचं. मला टॉवेल हवा होता. सासरे पुन्हा दुकानात जाऊन बसतील की वरच्या खोलीत छताकडे बघत पडून राहतील, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि ते सांगणारा एकच माणूस मला ठाऊक होता.

शनिवारी, तिसऱ्या दिवशी, हवामान खात्यानं त्यांची दाढी केली. मी कपाटातल्या चादरी मोजायला लागले. त्या कपाटात चादरी किती हे मला झोपेतसुद्धा सांगता येतं, तरी मोजत राहिले. बघायची हिंमत होईना. वळले तेव्हा तो पेटी बंद करून दाराकडे निघाला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. सासऱ्यांच्या पलंगाच्या पायथ्याची दांडी मोकळी होती.

मी धावत बाहेर जाऊन विचारू शकले असते. विचारलं नाही. आणि नंतर विचारायची सोय उरली नाही, कारण पुतणीच्या लग्नासाठी तो त्याच दुपारच्या गाडीनं आठवडाभर गावी गेला.

मग काय सांगू तुम्हाला, माझाच वॉर्ड मला परका वाटायला लागला. मोठ्या मावशी माझ्याशी एकदम आदरानं बोलू लागल्या. म्हणजे बाईंनी आशा सोडली. व्यायामवाला पोरगा आला, पाच मिनिटं पाय हलवले आणि "आज जरा गडबड आहे, सिस्टर" म्हणून खिडकीच्या रांगेकडे सटकला. मी त्याला काय बोलणार? ती रांग मीच लावली होती. घरी जाऊन मी ह्यांना सांगितलं की दुकानाचं काय करायचं ते ठरवून ठेवा. हे दुकानाची किल्ली हातात घेऊन बसले आणि रडले. मीही रडले, पण स्वयंपाकघरात, नळ सोडून.

सर्वांत वाईट म्हणजे मी सासऱ्यांशी गोड बोलायला लागले. "बाबा, उशी नीट करू का? बाबा, पंखा वाढवू का?" रविवारी दुपारी ते अर्धवट डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले. जीभ जड होती, पण शब्द कळत होते. म्हणाले, "एवढं गोड... मी मरणारे का गं?"

मी "काहीतरीच काय!" म्हटलं आणि तिथून पळ काढला.

सोमवारी सकाळी मावशी उशिरा येणार होत्या, म्हणून मीच त्यांना पुसायला घेतलं. उजवा हात, उजवी कूस, पाठ झाली. डावा हात पांघरुणाच्या आत अंगाखाली घुसलेला होता. ओढून बाहेर काढला, तर मुठीत टॉवेल. निळ्या काठाचा, हवामान खात्याचा, साबणाचा वास अजून त्याला. मूठ इतकी घट्ट की एकेक बोट सोडवावं लागलं.

काखेत कळसा नि गावाला वळसा! मी इतक्या जोरानं ओरडले की खालच्या औषधांच्या दुकानातून फोन आला. "टॉवेल आहे! अहो, टॉवेल इथेच आहे! यांनी ओढून घेतलाय!" सासरे दचकून जागे झाले आणि जड जिभेनं म्हणाले, "ओरडतेस काय!" मी म्हटलं, "ओरडणारच! दोन दिवस टॉवेल दडवून बसलात, सांगता येत नाही?" लग्नानंतर इतक्या आनंदानं मी त्यांच्याशी पहिल्यांदाच भांडले असेन.

मी टॉवेल पायथ्याच्या दांडीवर घातला आणि वॉर्ड फिरला. तासाभरात सासरे खिडकीच्या रांगेत. व्यायामवाला पोरगा वीस मिनिटांसाठी आला आणि अर्धा तास थांबला. मावशी पुन्हा माझ्यावर खेकसायला लागल्या. सकाळी बसवणं, संध्याकाळी बसवणं, जेवण सरळ बसवून, एकेक घास सावकाश, छातीत ढग जमायला जागाच ठेवली नाही. पाचव्या दिवशी ते आधार घेऊन उभे राहिले आणि उभ्या उभ्या मला म्हणाले की या खिडकीची बिजागरी करकरते, तुमच्याकडे तेल नाही का? मी ह्यांना फोन करून सांगितलं, किल्ली जागेवर ठेवा.

हवामान खातं गावाहून आलं तेव्हा मी त्याचे दोन्ही हात धरून आभार मानले. तो नुसता "हं" म्हणाला. मला वाटलं, लाजला.

पाचव्या आठवड्यात सासरे चार पायांची काठी घेऊन वॉर्डाच्या दारापर्यंत चालत गेले. डावा पाय ओढत होता, हात अजून अर्धाच उठत होता, तोंड मात्र पूर्ववत चालू. घरी सोडायचा दिवस ठरला. त्या सकाळी हवामान खात्यानं त्यांची दाढी केली, फुकटात मिशीही कातरली, आणि मग माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. पेटी हातातच होती.

"सिस्टर, एक सांगायचं राहिलंय. रागावू नका."

"आज कोणावर रागवायचं नाही असं ठरवलंय. बोला."

"त्या शनिवारी मी टॉवेल ठेवला नव्हता."

"माहीत आहे, त्यांनी ओढून घेतला."

"तसं नाही." त्यानं पेटी खाली ठेवली. "बाबांनी गाल फुगवला नाही. मान वर केली नाही. मी टॉवेल घडी करून पिशवीत टाकायला निघालो होतो. तो त्यांच्या तळहाताला घासला आणि मूठ मिटली. मी ओढला, सोडेनात. तान्ह्या मुलाच्या हातात बोट दिलं की ते कसं धरून ठेवतं, तसं. अशी मूठ मी डोक्याच्या आजारात पुष्कळ बघितलीय, तिचा अर्थ काही नसतो. जोर लावला तर तुम्ही वळून बघाल आणि मला तोंड उघडावं लागेल, म्हणून तसाच ठेवून निघालो. गाडी पकडायची होती. आल्यावर बघतो तर बाबा खिडकीत उभे."

मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या मते..."

"माझ्या मते नाहीच होतं, सिस्टर. साफ नाही."

"म्हणजे चुकलात तुम्ही." मला हसू यायला लागलं होतं, खरं सांगते. "चाळीस वर्षांत एकदा चुकलात, आणि तेही आमच्या घरात! पेढे वाटायला हवेत."

तो हसला नाही. "एकदा चुकलेलं कळलं," तो म्हणाला. "आणि जे कळलं नाही, त्यांचं काय? मी घडी घातली आणि तुम्ही रांग बदलली. मला ठाऊक होतं तुम्ही टॉवेल बघून कामं लावता. बरं वाटायचं मला. न्हाव्याच्या टॉवेलावर सिस्टर वॉर्ड चालवते, म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं होतं, तक्त्यासकट. तेव्हा मी ट्रॉली ढकलली. सोनारानंच कान टोचावे लागतात ते असं. मी खुर्चीत बसले आणि डोळ्यांसमोर दांड्या यायला लागल्या. भिंतीकडची रांग, मोकळ्या दांड्या, वर्षानुवर्षांच्या. तो पोस्टमन. तो तीन मुलांचा बाप, ज्याला मी उरेल तेवढीच मिनिटं दिली होती. त्यातले किती जण नाहीतरी उठले नसते, आणि किती जण वीस मिनिटं मिळाली असती तर उठले असते? कोणीच सांगू शकणार नाही. आणि मी म्हणे पद्धतीचा अभिमान बाळगत होते! इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. रडले मी, टेबलापाशीच, सगळ्यांसमोर. मोठ्या मावशींना इतकं नवल वाटलं की त्यांनी मला आधी पाणी दिलं आणि मग वॉर्डाचं दार लावून घेतलं.

सासरे काठी टेकत आले. "काय झालं हिला?"

हवामान खात्यानं त्यांना खरं ते सांगून टाकलं. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याला म्हणाले, "म्हणजे मी उठणार नव्हतो?"

"माझ्या हिशोबानं नाही, बाबा."

"हॅ," सासरे म्हणाले. "मग मूठ कशी गं मिटली माझी?"

"आपोआप मिटली म्हणताहेत," मी डोळे पुसत म्हटलं.

"मिटेना का आपोआप. पुढचं तर तुम्ही लोकांनी केलं ना? मशीन बंद पडलं की गिऱ्हाईक विचारतं, चालेल का हो? मी आधी खोलून तेल घालतो. न खोलता नाही म्हणायला काय जातं?" मग त्यांनी ह्यांच्या नावानं हाक मारली की टॅक्सी आली का बघ, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चल, रडायचं घरी रड. इथे लोकांना काम आहे."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि माफी मागितली. ट्रॉलीची सुद्धा. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "सिस्टर, मीही तुमच्या मागे लागायला हवं होतं, पण तुमची भीती वाटते हो." मग आम्ही दोघींनी बसून रांगा मोडल्या. पहिले पंधरा दिवस प्रत्येकाला बसवायचं, प्रत्येकाला सारखी मिनिटं. नंतर जो जसा उत्तर देईल तसं. मिनिटं पुरेनात, तेव्हा नातेवाइकांना कामाला लावलं. हात कसा उचलायचा, कूस कशी बदलायची, घास कसा द्यायचा, हे मावशी त्यांना शिकवतात, शिव्यांसकट. कोणाच्या छातीत ढग जमताहेत हे हवामान खातं अजूनही सांगतं, आणि डॉक्टरीणबाई ते तक्त्यात लिहून घेतात; कोणावर डोळा ठेवायचा हे त्या दोघांकडून कळतं. कोणाला सोडून द्यायचं, हे आता आम्ही कोणालाच विचारत नाही. टॉवेल सगळेच्या सगळे तो पिशवीतून नेतो आणि आणतो. मी म्हटलं, तुमचा धंदा बुडवला. तो म्हणाला, "उलट डोकं हलकं झालं, सिस्टर. आता नुसती दाढी करतो."

सासरे दिवसातून तासभर दुकानात बसतात. डाव्या हातानं सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून तो मला ओवायला लावतात आणि वर मी हळू आहे म्हणून बोलतात.

परवा एक बाई आल्या. त्यांच्या वडिलांना लकवा झालाय, दुसरा दिवस. आकडा चांगला नाही. त्यांनी मला ट्रॉलीपाशी गाठलं. "सिस्टर, तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. तुम्हाला बघून कळत असेल. खरं सांगा, बाबा चालतील का?"

बावीस वर्षं मी या प्रश्नाला उत्तर देत आले. कधी हो, कधी नाही, कधी नुसती मान. पण त्या बाईंकडे बघून मी म्हटलं, "मला माहीत नाही हो."

त्यांचा चेहरा पडला. मी त्यांचा हात धरला. "उद्या साडेआठला त्यांना पहिल्यांदा बसवायचंय. दोन माणसं लागतात. एक मी आहे. तुम्ही याल?"